घड्याळाशी शर्यत : गाडीची तयारी, बाईची तयारी

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कालपासून इथे पोटगी झाली, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, रेशन झालं. आणि आता मोटारींच्या शर्यतीवर बोलायला एक बाई उभी राहिली आहे. समोरच्या काही चेहऱ्यांवर जे उमटलं आहे ते मला इथून दिसतंय. हा श्रीमंतांचा खेळ, पेट्रोलचा धूर, पुरुषी मस्ती, याचा आपल्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याला मी बगल देणार नाही, पण आधी हा खेळ काय आहे ते सांगते, कारण ‘शर्यत’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं बरंचसं इथे नसतं.

मी ज्यात भाग घेते त्या प्रकारात गाडीला गाडी घासून पळत नाही. एका वेळी एक गाडी सुटते, किंवा बऱ्याच अंतरानं दोन-चार सोडतात. मैदानावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. पक्क्या ट्रॅकवर असेल तर एक फेरी टायर-ब्रेक तापवायला, मग मोजणीच्या फेऱ्या, आणि शेवटची एक गाडी निववायला. सुरुवातीच्या रेषेवर प्रकाशकिरण असतो, तो तुटला की घड्याळ सुरू, पुन्हा तुटला की बंद. शंकू पाडला तर ठरलेले सेकंद वाढतात. आपली सर्वांत चांगली वेळ धरली जाते, बस्स. कोइमतूरजवळ २००३ साली सुरू झालेला कारी मोटर स्पीडवे आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. अशा ठिकाणी हौशी लोकांसाठी घड्याळाविरुद्धचे दिवस भरतात. पुण्याहून कोइमतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ज्या गाडीनं स्पर्धा करायची तीच चालवत जायचं आणि तीच धड परत आणायची. त्यामुळे माझी गाडी काही राक्षस नाही. दुसऱ्या हाताची स्विफ्ट आहे, ११९७ सीसीची. तुमच्या शेजाऱ्यांकडे असते तीच.

घरून निघण्याआधीचा पहिला प्रश्न गाडीचा नसतो, कागदाचा असतो. गाडी कोणाच्या नावावर आहे? प्रवेशअर्ज भरताना गाडी आपल्या नावावर नसेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं. आमच्या ओळखीतल्या, दहा-दहा वर्षं गाडी चालवणाऱ्या, मुलांना शाळेत सोडणाऱ्या, सासऱ्यांना दवाखान्यात नेणाऱ्या बायकांना मी विचारलं, तेव्हा बहुतेक गाड्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर निघाल्या. घराच्या उताऱ्यावर नाव नसतं हे आपण रोज बोलतो, गाडीच्या आरसीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. हप्ता दोघांच्या पगारातून गेलेला असला तरी.

दुसरा कागद विम्याचा. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक रकाना असतो, तो फारसं कुणी वाचत नाही. त्यात आयोजित शर्यत, वेगचाचणी वगैरे स्पष्टपणे वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च पूर्ण आपला. हे घरी आधीच बोलावं लागतं. लपवून करायची ही गोष्ट नाही, आणि हे बोलणं सुरू झालं की घरात पैशाचे निर्णय कोण घेतं, बाईच्या हौशीला किती रुपये आणि पुरुषाच्या हौशीला किती, हे सगळं आपोआप टेबलावर येतं. आमच्यातल्या एकीच्या घरी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगांचा हिशेब कोणी विचारला नव्हता. हिच्या चार टायरांवरून मात्र दोन रविवार गेले. शेवटी टायर आले, पण भिंगांचा हिशेबही निघाला!

आणि हो, हे सगळं बंदिस्त जागेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दहा हजार आणि एक वर्ष. तरुण मुलामुलींशी बोलताना हे सांगत जा.

आता गाडी. गाडी तयार करायची म्हटलं की पोरं आधी सायलेन्सर बदलतात. आवाज मोठा झाला की वेग वाढला असं वाटतं. मग स्टिकर. माझा क्रम उलटा आहे : आधी थांबणं, मग पकड, मग तेल-पाणी, मग बसायची जागा. इंजिनाची ताकद वाढवणं सर्वांत शेवटी, आणि मी ते अजून केलेलं नाही.

थांबण्यापासूनच का? एक हिशेब सांगते. माझी गाडी आणि मी मिळून हजार किलोच्या थोडं वर. ताशी १२० वरून ६० वर यायचं तर जी ऊर्जा चाकांपाशी उष्णतेत बदलते, ती साधारण दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. आपल्या गॅसवर त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. इथे ते दोन-तीन सेकंदांत होतं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. ही उष्णता ब्रेक पॅडमधून ब्रेक ऑइलमध्ये शिरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, पावसाळ्यात मीठ शोषतं तसं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या पुढे उकळू शकतं. उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पायाखालचा पेडल रिकामा खाली जातो. घाट उतरताना एसट्या आणि जीपगाड्यांचे ‘ब्रेक फेल’ झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या काहींमागे हेच कारण असतं. म्हणून स्पर्धेआधी ऑइल पूर्ण बदलायचं. बाटली आदल्या वर्षीची उघडी असेल तर तीही टाकून द्यायची.

हे काम दोघींचं आहे. एक गाडीत बसून पेडल दाबते, दुसरी चाकापाशी बसून निपल उघडते. ‘दाब’, ‘दाबलं’, उघडायचं, बंद करायचं, ‘सोड’, ‘सोडलं’. क्रम चुकला की हवा आत जाते. चारही चाकांचं व्हायला आम्हांला तास लागतो, आणि त्या तासात ज्या गप्पा होतात त्या निराळ्याच. मला वाटतं पूर्वी जात्यावर समोरासमोर बसून असंच काहीसं होत असणार. मात्र ओवीच्या तालात ‘सोड’ आधी म्हणून चालत नाही.

पकड म्हणजे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. आज चहाच्या सुट्टीत अंगणातल्या आपल्या जीपचे आकडे वाचा, मग आपण बोलू. हवा गार टायरमध्ये मोजायची आणि फेरी संपल्यावर लगेच गरम असतानाही मोजायची. जोरात चालवल्यावर ती चार-सहा पौंडांनी सहज वाढते. टायरच्या कडेला खडूनं रेघ ओढायची. रेघ पुसली जाऊन बाजूवरची अक्षरं घासायला लागली असतील तर हवा कमी आहे, टायर दुमडतोय. रेघ बरीचशी तशीच राहिली तर हवा जास्त आहे. एवढ्या अवघड यंत्राचं निदान शाळेतल्या खडूनं होतं याचा मला अजून आनंद वाटतो.

चाकांच्या नटांबद्दल मात्र थोडं थांबून बोलते. ‘बायकांना नट सुटत नाहीत’ हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या प्रेमानं म्हणतात की आपल्यालाही ते खरं वाटतं. नट घट्ट करायला जो पीळ लागतो तो म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. शंभर न्यूटन-मीटरचा पीळ पाव मीटर लांबीच्या पान्यानं द्यायचा तर हाताला चाळीस किलोंचा भार द्यावा लागेल. त्याच पान्यावर नळी चढवून लांबी अर्धा मीटर केली तर वीस किलो. नळी आणखी लांब केली तर दहा. वीस किलो म्हणजे भरलेला हंडा! तो उचलताना कोणी ‘बायकांना जमत नाही’ म्हणत नाही. कंपनीनं गाडीबरोबर दिलेला पाना लहानसा असतो, आणि कोणाच्या हाताचा अंदाज घेऊन तो लहान ठेवलेला असतो हे तुम्हांला सांगायला नको. माझ्या डिकीत तीन फुटी लोखंडी नळी असते. घट्ट करताना मात्र नळीनं नाही, मोजणारा टॉर्क पाना वापरायचा, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीनं. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा.

बाकीचं भराभर सांगते. इंजिन ऑइलची पातळी वरच्या खुणेला. रेडिएटरचे होस पाइप हातानं दाबून भेगा बघायच्या. बॅटरी पट्टीनं पक्की बांधायची. गाडी ओढायचा हुक लावून त्याला रंगीत पट्टी. आग विझवायचं नळकांडं हाताला येईल असं, पण पक्कं बसवलेलं. आणि गाडीतलं सुटं सगळं बाहेर : छत्री, पायपुसणं, पाण्याची बाटली. ब्रेक लावल्यावर घरंगळत आलेली बाटली पेडलखाली अडकली तर काय होईल याचा विचार करा. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीही बाहेर. तपासनीस तो काढायला लावतात तेव्हा काही पुरुष स्पर्धकांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

फेरी संपवून आलात की हातब्रेक ओढायचा नाही. लालबुंद तापलेलं सगळं एकमेकांना चिकटून बसतं. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. हे जुन्या ट्रकवाल्यांनाही माहीत आहे.

गाडीच्या मानानं बाईची तयारी अवघड, कारण ती करायची असते हेच कोणी शिकवलेलं नसतं.

बसण्यापासून सुरुवात. गाडीची जागा, पट्टा, स्टिअरिंग हे सगळं वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या मापानं आखलं गेलं. टकरीच्या चाचणीत जो पुतळा बसवतात तोही प्रामुख्यानं पुरुषी मापाचा. बाईचा म्हणून जो पुतळा वापरतात तो बऱ्याच अंशी त्याचीच लहान आवृत्ती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पट्टा बांधलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. बाई ‘स्टिअरिंगला चिकटून बसते’ म्हणून हसतात. ती चिकटते कारण पाय पोचत नाहीत आणि पुढचं दिसत नाही.

तर क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभर नाही, किमान २५ सेंटिमीटर अंतर, कारण आत एअरबॅग असते. उंची कमी पडत असेल तर मऊ उशी घ्यायची नाही, ती दबते आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतं. घट्ट, न सरकणारं पॅड घ्यायचं. हे नियम ट्रॅकसाठी आहेत तसेच बाजारात जाण्यासाठीही आहेत.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे. आमच्याकडे ओढणीचा प्रश्न येतो. नर्तकी इझाडोरा डंकनचा १९२७ साली नीसमध्ये मृत्यू झाला तो गळ्यातला लांब स्कार्फ उघड्या मोटारीच्या चाकात अडकून. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात पदर आणि ओढण्या जातात त्यांची मोजदाद कोण ठेवतं? केस खाली, मानेपाशी वेणीत, कारण अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही. बांगड्या, पिना नाहीत.

आणि मंगळसूत्र. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या सुरक्षानियमांत स्पर्धेच्या वेळी अंगात टोचलेले दागिने आणि गळ्यातली धातूची साखळी यांना मनाई आहे. २०२२ साली फॉर्म्युला वनमध्ये या नियमावरून मोठा वाद झाला होता, तेव्हा बोलणं पुरुषांच्या कानातल्यांचं होतं. आपल्याकडे मंगळसूत्र म्हणजे धातूची साखळीच. आग लागली तर तापते, पट्ट्याच्या ओढीनं गळ्यात रुतते. आमच्यातली एक पहिल्यांदा आली तेव्हा तपासनिसानं तिला ते काढायला सांगितलं. ती म्हणाली, सासूबाईंना विचारल्याशिवाय नाही. तिनं तिथूनच फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरानं ऑपरेशनला काढायला लावलं होतं तेव्हा काय झालं? काढ आणि नीट डबीत ठेव, सोन्याचं आहे.’ आपण चळवळीत मंगळसूत्रावर तासन् तास चर्चा केली आहे. तिच्यासाठी तो प्रश्न दोन मिनिटांत सुटला, निदान त्या दिवसापुरता. संध्याकाळी तिनं ते पुन्हा घातलं. त्यावरून तिच्याशी कोणी वाद घातला नाही, आणि घालायचं कारणही नव्हतं असं मला वाटतं.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं. बंद गाडी, डोक्यावर हेल्मेट, एसी बंद, बाहेर अडतीस-चाळीस अंश. घाम इतका जातो की दुपारच्या फेऱ्यांत हात उशिरा हलतात. पाणी, मीठ-साखरेचं पाणी, सकाळपासून थोडं थोडं प्यायचं हा साधा नियम. पुरुष पितात. बायका पीत नाहीत. कारण शंभर पुरुषांच्या मैदानावर बाईसाठी संडास नसतो, असला तर त्याला कडी नसते. ऊसतोडीच्या फडावर, बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांत, मोर्च्याच्या दिवशी आपल्यात, सगळीकडे हेच. घसा कोरडा ठेवून बाई दिवस काढते आणि मग तिची वेळ एका सेकंदानं मागे पडली की म्हणतात, बायकांचे प्रतिसाद मंद असतात. आम्ही एका आयोजकांना प्रवेशअर्जाबरोबर लेखी विचारलं की स्त्रियांसाठी कडी असलेला, पाणी असलेला संडास किती अंतरावर आहे. त्या वर्षी तो आला. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागलं.

रक्ततपासणीही तयारीचाच भाग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तात लोह नसेल तर दम लागतो, लक्ष टिकत नाही. हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय टायरांवर पैसे घालू नका असं मी नव्या मुलींना सांगते. पाळीच्या दिवसांत चालवावं का, हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. नियमात त्याबद्दल काही नाही, आणि नसावं.

प्रत्यक्ष चालवणं भाषणातून शिकवता येत नाही. पण दोन गोष्टी सांगते. एक, टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर सगळा खर्च केला तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी संपवायचा. पाय हळूहळू उचलत जसजसा ब्रेक कमी करू तसतसं स्टिअरिंग वळवायचं. वळणात हळू शिरणारी गाडी पुढच्या सरळ रस्त्यावर लवकर धावते, आणि वेळ सरळ रस्त्यावरच मिळते. नवखा चालक नेमका उलटं करतो, जोरात शिरतो आणि मग गाडी नाकासमोर सरळ जाऊ लागते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळून काही होत नाही. पाय सैल करायचा, स्टिअरिंग थोडं परत आणायचं, टायरला पुन्हा धरू द्यायचं.

दुसरी, डोळे. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. शंकूकडे बघितलं की शंकू पडतो. रस्त्यावर चालताना मान खाली, नजर पायाशी, असं वाढवलेल्या आपल्याला ही सवय मोडायला फार वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी ट्रॅक पायी चालून यायचा. रात्री डोळे मिटून, हात हवेत धरून प्रत्येक वळण तोंडानं म्हणायचं. घरचे हसतात. हसू द्या.

आता इतिहासाचं थोडं, कारण ‘बायका आत्ता आत्ता या खेळात आल्या’ असं कोणीतरी नक्की म्हणणार. फ्रान्सची कामिय द्यु गास्त १९०१ साली पॅरिस ते बर्लिन शर्यतीत होती. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत वाटेत एक चालक आपल्याच उलटलेल्या गाडीखाली सापडला, तर ती स्वतःची शर्यत थांबवून त्याच्या मदतीला उतरली. पुढच्याच वर्षी तिला प्रवेश नाकारला गेला, कारण दिलं स्त्रियांच्या स्वभावातल्या अस्वस्थतेचं! इंग्लंडची डोरोथी लेव्हिट १९०५ साली ब्रायटनच्या वेगचाचणीत उतरली होती, म्हणजे आपल्याच प्रकारात, घड्याळाविरुद्ध. तिनं १९०९ मध्ये बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं, त्यात गाडीची दुरुस्ती शिकवली आणि मागचं बघायला हातात छोटा आरसा ठेवा असंही सांगितलं. फ्रान्सचीच मिशेल मूतों १९८१ साली इटलीतल्या सान रेमोची जागतिक रॅली जिंकली, १९८२ मध्ये जगज्जेतेपदात दुसरी आली, आणि १९८५ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगराची चढण तिनं विक्रमी वेळात पार केली. तेव्हा तो रस्ता मातीखडीचा होता आणि कडेला कठडे नव्हते. आपल्याकडचं उदाहरण हवं तर शर्यतीतलं नाही, कामातलं देते. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली रेल्वेत सहायक इंजिनचालक झाल्या आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी घेऊन भोर घाट उतरल्या.

आणि सौदी अरेबिया. ६ नोव्हेंबर १९९० ला ४७ स्त्रियांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवल्या. त्यांना पकडलं, अनेकींच्या नोकऱ्या गेल्या. बंदी उठली ती २४ जून २०१८ ला. मधली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं स्टिअरिंग हा राजकीय प्रश्न होता. आपल्याकडे कायद्यानं बंदी नाही. आपल्याकडे किल्ली खुंटीवर असते आणि ‘तू कशाला, ड्रायव्हर येईल की’ असं म्हणतात.

स्त्रियांचा वेगळा गट असावा का, यावर आमच्यात दोन तट आहेत. काही स्पर्धांत ‘लेडीज’ चषक वेगळा देतात. माझं म्हणणं असं की पहिली दोन-तीन वर्षं तो असू द्यावा, त्यानं मुली येतात, घरून परवानगी मिळते, संडासही मिळतो. पण वेळांची यादी एकच लावावी, सगळ्यांची मिळून. घड्याळाला कोण चालवतंय ते कळत नाही. मधल्या नंबरावर आपलं नाव बारीक अक्षरात दिसलं तरी चषकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, पुढच्या खेपेला कोणाला गाठायचं ते कळतं. माझ्या मैत्रिणीला हे अजिबात मान्य नाही. ती म्हणते, तू पोचलीस म्हणून बोलतेस. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे.

राहिला पहिला प्रश्न : हा पैसेवाल्यांचा खेळ. होय, आहे. मोटारसायकलची हवा भरायला पैसे नसलेल्या घरातली बाई यात येत नाही, आणि मी इथे कोणाला शर्यतीत उतरा म्हणून सांगायला आलेली नाही. पण ब्रेक ऑइल, टायरचे आकडे, नळी लावून नट सोडणं, नीट बसणं, वळणापलीकडे बघणं यांतलं काहीही फक्त ट्रॅकचं नाही. तुमच्या संस्थेची जीप अंगणात उभी आहे. रात्री साडेअकराला एखाद्या गावातून फोन येतो की बाईला मारून घराबाहेर काढलं आहे. तेव्हा तुम्ही आधी ड्रायव्हरच्या घरी माणूस पाठवता. तो गावाला गेला असेल तर सकाळपर्यंत थांबता. काल जेवताना तुम्हीच मला हे सांगितलंत. इथे बसलेल्या बेचाळीस जणींपैकी परवाना चौघींकडे आहे आणि जीप चालवलेली एकच आहे. तीही घाटात चालवत नाही.

म्हणून आयोजकांशी बोलून उद्याच्या वेळापत्रकात बदल केला आहे. सकाळी सात ते दहा जीपवर काम. चाक काढणं-बसवणं, ऑइल-पाणी बघणं, आणि ब्रेक ऑइल बदलणं. बाटली मी आणली आहे, सीलबंद. जुने सुती कपडे घाला, चपला नकोत, बूट नसतील तर कॅनव्हासचे चालतील. दहानंतर मागच्या मैदानावर शंकूंच्या ऐवजी विटा मांडून एकेकीनं वळणं घ्यायची, पहिल्या गिअरमध्ये, शेजारी मी असेन. परवाना नसलेल्यांनीही यावं, मैदान संस्थेचं आहे, गेट बंद ठेवू. नळी एक आहे आणि जॅकही एकच आहे, तेव्हा सहा-सहाच्या गटानं या. नावं आज रात्री जेवणाच्या आधी फळ्यावर लिहून ठेवा.